दोन झेंड्यांमधले महिने

हे सांगायचं मी बरीच वर्षं टाळलं. बायकोनं दोन-तीनदा विचारलं, मुलानं एकदा विचारलं, आणि दर वेळी मी उठून रेडिओ लावला किंवा झोप येते म्हणालो. आता झोप येत नाही. टाळायलाही अंगात थोडी ताकद लागते, तीही राहिलेली नाही. म्हणून लिहायला बसलो आहे. यात कुणाचं नाव घालणार नाही. का, ते शेवटी कळेल.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर होतो. नोकरीची बहुतेक वर्षं पोंभुर्णा तालुक्यातल्या एका गावात काढली. तलावाच्या पाळीला लागून गाव, दोन खोल्यांची शाळा, कागदावर दोन मास्तर. दुसरा बहुधा बदलीच्या खटपटीत असायचा. गावात निम्मी घरं धानाची, निम्मी तलावातल्या मासोळीवर जगणारी.

मला एक नाद होता, दिनविशेषाचा. परिपाठाच्या वेळी फळ्याच्या कोपऱ्यात आजच्या तारखेला कोण जन्मलं, काय घडलं ते लिहितात. सगळ्याच शाळांत लिहितात, वरून आदेश असतो म्हणून. मी मात्र जीव लावून लिहायचो. चंद्रपूरला गेलो की जुन्या पुस्तकांच्या दुकानातून तारखांची पुस्तकं आणायचो, वर्तमानपत्रांतली कात्रणं जपायचो. एकाच तारखेला कुठेतरी एखादा शास्त्रज्ञ जन्मलेला असे, कुठला तरी राजा लढाई हरलेला असे, आणि कुठल्याशा नदीवर पहिला पूल उघडलेला असे. एकमेकांशी काही संबंध नसलेली ही माणसं एका बाकावर शेजारी बसवल्यासारखी वाटायची. मला ते फार आवडायचं. का आवडायचं, ते आज नीट सांगता येत नाही.

त्या काळी आमच्या भागात लेकरांच्या जन्मतारखा कुणाला ठाऊक नसत. बाळंतपणं घरी, नाहीतर वावरात. पहिलीत नाव घालायला आई-बाप पोराला घेऊन येत. मग पोराला उजवा हात डोक्यावरून डाव्या कानाकडे न्यायला सांगायचं. बोटं कानाला लागली की पोरगं सहा वर्षांचं. मग मास्तर तारीख टाकत, एक जून. अख्ख्या वर्गाचा वाढदिवस एकाच दिवशी, आणि तोही उन्हाळ्याच्या सुट्टीत.

मला ते पटेना. तरुण होतो, डोक्यात हवा होती. मी ठरवलं की आपल्या शाळेतल्या प्रत्येक पोराला चांगली तारीख द्यायची. आईला हंगाम विचारायचा आणि त्या हंगामातली अशी तारीख निवडायची की जिला कुणीतरी मोठं माणूस जन्मलं आहे किंवा काही मोठं घडलं आहे. मोहफुलं पडताना झालेल्याला एप्रिलमधली, तेंदूपत्त्याच्या दिवसांतल्याला मेमधली, पोळ्याच्या सुमाराच्याला शिक्षक दिन. त्या दिवशी दिनविशेष त्या पोरानं लिहायचा, आणि थोरांच्या नावांखाली शेवटच्या ओळीत स्वतःचं नाव. पोरं खुलायची. गावात मला 'तारखावाले गुर्जी' म्हणू लागले. एक बाप तर म्हणाला, "माझ्या पोराले एखाद्या मंत्र्याची तारीख लावा गुर्जी, शास्त्रज्ञाची नोको. शास्त्रज्ञाले कोन मोटार देते?"

मीही हसलो. मी तेव्हा फार हसायचो.

एका जूनच्या अखेरीस, शाळा नुकतीच उघडली असताना, मासेमारी करणारं एक जोडपं दोन लेकरं घेऊन आलं. मुलगा आणि मुलगी. मुलाचं नाव खरं तर आधीच्या वर्षीच घालायला हवं होतं, पण हे लोक दर हिवाळ्यात मिरची तोडायला तिकडे आंध्रात जायचे, आताच्या तेलंगणात, आणि पोरांनाही सोबत न्यायचे. त्या वर्षी दोघांना एकदमच शाळेत बसवायचं त्यांनी ठरवलं होतं. बाप थोडं बोलणारा, गालातल्या गालात हसणारा. आई उंच, आवाज मोठा.

"मुलगा कधीचा?" मी विचारलं.

"रोवण्यातला आहे जी. हे चिखलात होते अन् मी घरी तळमळून राह्यली होती."

"आणि मुलगी?"

"मिरचीतली. तिकडंच झाली, वावरातल्या झोपडीत. हा चालाले लागला होता तवा. हा तिच्या अंगावर पडाचा, मंग मी याले खाटेच्या पायाले बांधून ठेवाची."

मुलानं मान खाली घातली. मुलीचा हात कानाला जेमतेम पुरला, पण पुरला. मुलगा उंच होता, त्याचा हात कान ओलांडून गालावर आला.

रोवणा म्हणजे धानाची लावणी, म्हणजे ऑगस्ट. मिरचीची तोड म्हणजे जानेवारीपासून पुढे. माझ्या डोक्यात लगेच उजेड पडला. मुलाला पंधरा ऑगस्ट आणि मुलीला सव्वीस जानेवारी. एका घरात दोन्ही झेंडे. असा योग मला आधी कधी जमला नव्हता. मी हर्षून त्यांना सांगितलं. बापाला ते समजायला क्षणभर लागलं, मग तो म्हणाला, "म्हंजे आमच्या लेकराइच्या वाढदिवसाले सरकार बुंदी वाटते म्हना की!"

इथवर सगळं ठीक होतं. पुढे मी एक गोष्ट जास्तीची केली. मुलगा पहिलीसाठी मोठा होता. मी त्याचं वय एक वर्ष कमी टाकलं. तसं सगळेच मास्तर करत. पुढे भरतीच्या वेळी एक वर्ष कामी येतं, असं आम्ही समजायचो. त्या दोघांनी मागितलं नव्हतं. मी आपणहून केलं आणि वर सांगितलंही, "तुमच्या पोराचं एक वर्ष वाचवून दिलं." बाप म्हणाला, "उपकार झाले जी."

मुलाचं वर्ष सरकवलं तर मुलीचंही तेवढंच सरकवायला हवं होतं. मी ते केलं नाही. माझं सगळं लक्ष त्या दोन तारखांवर होतं. त्यामुळे कागदावर असं झालं की एका बाईला पंधरा ऑगस्टला मुलगा झाला आणि लगेच पुढच्या सव्वीस जानेवारीला मुलगी. मधे पाच महिने, खरे होते सतरा. तारखांचा एवढा नाद असलेल्या माणसानं हे महिने मोजले नाहीत.

पुढची काही वर्षं बरी गेली. पंधरा ऑगस्टला मुलगा झेंड्याची दोरी धरून उभा राहायचा, सव्वीस जानेवारीला मुलगी. आई कुंपणापाशी उभी राहून सगळ्यांना ऐकू जाईल अशी सांगायची, "आमच्या घरच्या वाढदिवसाले तहसीलदारही नवे कपडे घालते." मुलीचा ओढा तलावाकडे होता. शाळा सुटली की बापाच्या डोंग्यात बसून जाळं टाकायला जायची. भाऊ पाण्याला भ्यायचा, ही नाही. कोणत्या ऋतूत कोणत्या कोपऱ्यात मासोळी जाते, हे बापानं तिलाच शिकवलं.

दहावीला ती पोंभुर्ण्याला शिकत होती. बोर्डाचा अर्ज भरताना तिच्या मैत्रिणीनं बोटांवर मोजलं. त्या रविवारी ती माझ्याकडे आली.

"गुर्जी, मी अन् दादा पाच महिन्यांच्या फरकानं कसे झालो जी?" हसतच विचारत होती. "पोरी मले म्हनून राह्यल्या, तुझ्या मायले भलतीच घाई होती."

मीही हसलो, पण मनात महिने मोजले, आणि ते पाचच भरले. तेव्हा ती चूक दुरुस्त होऊ शकत होती. शिक्षणाधिकाऱ्यांकडे प्रस्ताव पाठवायचा होता, आणि त्यात लिहावं लागलं असतं की ही तारीख आणि हे वर्ष मी अंदाजानं टाकलं. एकाचं लिहिलं की बाकीच्यांचं कुणीतरी विचारणारच. त्या वर्षी तालुक्यातून आदर्श शिक्षक म्हणून माझं नाव जाणार होतं. मी तिला म्हणालो, "अगं, कागदावरचं आहे ते, कोण बघतंय? परीक्षा होऊ दे, मग बघू." परीक्षा झाली. मग मी बघितलं नाही, आणि तिनंही परत विचारलं नाही. तो पुरस्कारही मला मिळाला नाही.

निवृत्त झाल्यावर मी गडचिरोलीला मुलाकडे राहायला आलो. इथे निवृत्त मास्तरांचा एक कट्टा आहे. तिथेही मी रोजचा दिनविशेष सांगायचो, पुढे फोनवर पाठवू लागलो. गावाशी संबंध फोनपुरता उरला. अशात कळलं की त्या मुलीचा बाप मेंदूच्या मलेरियानं गेला.

तलावातली मासेमारी सोसायटीकडे असते. सभासद वारला की त्याची जागा त्याच्या मुलाला किंवा मुलीला मिळते. भाऊ तोवर सूरजागडच्या रस्त्यावर खाणीचा ट्रक चालवत होता, त्याला तलाव नको होता. त्यानं सगळ्यांसमोर सांगितलं की जागा बहिणीला द्या, बाबाबरोबर तीच राबली. तिचं तेव्हा लग्न झालेलं नव्हतं. ती जागा हेच तिचं पुढचं आयुष्य होतं, दुसरं काही तिला येत नव्हतं आणि नको होतं.

पण चुलत्याला ती जागा आपल्या मुलासाठी हवी होती. त्यानं दोघांचे शाळेचे दाखले कुठून तरी मिळवले आणि सोसायटीच्या बैठकीत बोटं दुमडत महिने मोजून दाखवले. ऑगस्ट, सप्टेंबर, ऑक्टोबर. मोजून झाल्यावर म्हणाला, "एका मायचे दोन लेकरं पाच महिन्यात होते का कधी? भाऊ मिरची तोडाले गेला अन् येताना कोनाची तरी पोर उचलून घेऊन आला. आमी गप होतो, भावाची इज्जत म्हनून."

मुलगी गावात जन्मली असती तर म्हाताऱ्या बायांनी त्याला तिथेच गप्प केलं असतं. पण ती झाली परमुलखातल्या वावरात. सोबत मिरचीला गेलेली माणसं वेगवेगळ्या गावांची, कधीच पांगलेली. आपल्या गावानं फक्त एवढंच पाहिलं होतं की ही बाई जाताना एक पोर घेऊन गेली आणि येताना दोन. शेवटी ठरलं की ग्रामसभेनं काय ते सांगावं. ग्रामसभा होती सव्वीस जानेवारीला.

त्याच्या आठवडाभर आधी त्या मुलीची आई गडचिरोलीला माझ्या घरी आली. एकटीच, एस.टी.नं. पिशवीत सुकवलेले झिंगे आणले होते. बायकोनं चहा ठेवला, तो तिनं तसाच थंड होऊ दिला.

"पोटात मी वाह्यली, गुर्जी," ती म्हणाली. "अन् पुरावा तुमच्या शाळेतून मांगून राह्यले लोक. माझ्या तोंडाची काई किंमत नाई. अंगावरचं दूध पाजलं मी, ते कोनाच्या कागदावर आहे?"

मी म्हणालो, "बाई, तुम्ही शांत व्हा."

"शांतच आहो जी मी. तुमी फक्त या अन् सांगा, का पोराचं वर्ष तुमी कमी केलं. एवढंच. तुमचा शब्द कोनी टाळत नाई तिथी."

"येतो."

"नक्की?"

"नक्की येतो."

निघताना दारात चप्पल घालता घालता ती म्हणाली, "झेंड्याच्या दिवशी आहे जी. तारीख तुमी विसरसाल असं त नाई होनार." तिच्या बोलण्यात टोमणा होता का, हे मला आजवर ठरवता आलेलं नाही.

त्या सव्वीस जानेवारीला गडचिरोलीतल्या एका शाळेनं मला झेंडावंदनाला बोलावलं होतं. शाल, श्रीफळ आणि पंधरा मिनिटं भाषण. विषय त्यांनीच सुचवलेला, या तारखेचं महत्त्व. मी मनाशी ठरवलं होतं की हे सकाळी आटोपेल, मग वाटेवरच्या मूल गावची बस पकडू, सभा उशिराच सुरू होते. भाषण झालं. मुलांनी टाळ्या वाजवल्या. मग मुख्याध्यापकांच्या खोलीत चहा, फोटो. मी निघू शकत होतो. कुणी धरून ठेवलं नव्हतं. घड्याळही समोरच्या भिंतीवर होतं. मी आणखी एक चहा मागितला.

तेव्हा मी स्वतःला सांगितलं की माझे कितीतरी विद्यार्थी पोलिसात आहेत, वनखात्यात आहेत, त्यांच्या नोकऱ्या मी दिलेल्या तारखांवर उभ्या आहेत. ग्रामसभेत मी तोंड उघडलं तर ते इतिवृत्तात जाईल आणि उद्या त्यांच्यावर बेतेल. पेन्शनचाही विचार मनात आला. हे सगळं अगदीच खोटं नव्हतं. पण मी न जाण्याचं कारण ते नव्हतं. त्या गावात मी तारखावाले गुर्जी होतो. भर सभेत उभं राहून सगळ्या तारखा मनानं टाकल्या होत्या हे सांगायची मला लाज वाटली. शाल मांडीवर घेऊन मी तिथेच बसून राहिलो आणि खिशातला फोन बंद केला.

संध्याकाळी फोन चालू केला तसा त्या मुलीच्या भावाचा आला. तो चिडला असता तर बरं झालं असतं.

"आई सभा उठेपर्यंत रोडाकडे पाहून होती जी," तो म्हणाला. "म्हने गाडी फेल झाली असंल गुर्जीची."

"सभेत काय झालं?"

"काय होनार? मी सांगतलं, बहीन माझी आहे. काका म्हने, तू खाटेले बांधलेला होता तवा, तुले काय ठाऊक? सारे हासले." मग तो म्हणाला, "जागा त्याच्या पोराले गेली."

नंतर कळलं की त्या दिवसापासून गावात मुलीला 'पाचमहिनी' म्हणू लागले. आधी चुलत्याच्या घरचे, मग पोरंटोरं. ती तलावावर जायची बंद झाली. वर्षभरात तिचं लग्न सिरोंचाकडे लावून दिलं, जितक्या दूरचं स्थळ मिळालं तितक्या दूर. ती माहेरी येईनाशी झाली. आईच तिला भेटायला जायची, दोन बस बदलून.

मी कट्ट्यावर दिनविशेष सांगायचं सोडलं. कुणी विचारलं तर डोळ्यांचं कारण दिलं.

गेल्या हिवाळ्यात मी त्या गावी गेलो. घरी सांगितलं, जुन्या सहकाऱ्याला भेटायला चाललो आहे. मूलला बस बदलली, पुढच्या बसमध्ये उभ्यानं गेलो. शाळेला आता पक्की भिंत आहे आणि फळ्याच्या जागी टीव्ही. त्या मुलांची आई अंगणात बसून मासोळी निवडत होती. केस पांढरे, पाठ वाकलेली, आवाज तेवढाच मोठा.

"कोन जी?"

"मी. गुरुजी."

तिनं मला ओळखलं. मग हात धुतले, खाट टाकली. "बसा. गुडघे कसे आहेत? चहात दूध नाई आज."

कोरा चहा पीत आम्ही बसलो. कोण वारलं, कोण कुठे गेलं, तलावात आता बाहेरचं मत्स्यबीज आणून सोडतात, त्या मासोळीला चव नाही, हे सगळं तिनं सांगितलं. मुलीचं मी विचारलं नाही, तिनंच काढलं. "दोन पोरं आहेत तिले. सिरोंचाच्या सरकारी दवाखान्यात झाले. पक्की तारीख, टाइमासगट. तिनं दोनी कागद प्लास्टिकमधी घालून ठेवले आहेत. मले म्हने, आई, माझ्यासारखं नाई होऊ देत मी यांचं."

ती ते रागानं म्हणाली नाही. माझ्याकडे पाहतही नव्हती. बसमध्ये सगळी वाक्यं जुळवून आणली होती, आणि आता पहिला शब्दही जिभेवर येईना. तेवढ्यात शेजारची बाई मासोळी घ्यायला आली, वजनावरून त्यांची बोलाचाली झाली, दोघी हसल्या. शेजारीण गेल्यावर आम्ही दोघंच उरलो. मला वाटतं, मी काही बोलेन याची ती वाट पाहत होती. मीच ते मनात धरून ठेवलं.

"काऊन आले होते जी एवढ्या दूर?" तिनं शेवटी विचारलं.

"सहजच," मी म्हणालो.

"बरं केलं," ती म्हणाली आणि मासोळीकडे वळली.

मोहफुलांच्या दिवसांत त्या मुलीच्या भावाचा फोन आला की आई गेली. तेरवीला गेलो नाही, त्यांच्याकडे जायचं तोंड नव्हतं. महिन्याभरानं मीच फोन करून त्याच्याकडे बहिणीचा नंबर मागितला. तिला तरी सांगावं, लिहूनही द्यावं म्हटलं.

"आता राहू द्या, गुर्जी," तो म्हणाला. "तिच्या सासरी हे कोनालेच माहीत नाई. तुमचं मन हलकं होईल, पन तिथी ते बोलनं सुरू होईल."

त्याचं बरोबर होतं. म्हणून इथे नाव नाही, गाव नाही. जे म्हणायला मी त्या अंगणात गेलो होतो आणि खाटेवर बसून म्हणू शकलो नाही, ते एवढंच होतं: बाई, मुलगी तुमचीच आहे आणि तुम्ही मला सगळं खरं सांगितलं होतं. मुलाचं वर्ष मी कमी टाकलं. सभेच्या दिवशी माझी गाडी फेल झाली नव्हती, मी मुद्दाम आलो नाही. तुम्हाला रस्त्याकडे बघत बसवलं, त्याबद्दल मला माफ करा.